गोफण, बंदूक, वही आणि कॅमेरा

साताऱ्याची गादी डलहौसीने १८४८ मध्ये खालसा केली. त्यानंतर तीन वर्षांनी साताऱ्यातच एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी मुलगा झाला: एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. शिक्षण वडिलांच्या हाताखाली झालं. तरुणपणी काही वर्षं त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि १८७६ मध्ये मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यात नोकरी धरली. वाचक त्यांना ‘ईहा’ म्हणून ओळखू लागले. ही त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं. घराभोवतीची पाखरं, बेडूक, मुंग्या, उंदीर यांच्याकडे निवांत बघावं आणि जे दिसेल ते हसतखेळत लिहावं, ही रीत इकडच्या इंग्रजी लेखनात त्यांनी रुजवली. त्यांच्या आधी या मुलखात पाखरांकडे कोणी बघत नव्हतं असं मात्र नाही. बघणारे पुष्कळ होते, त्यांची कारणं निराळी होती.

सर्वांत जुना निरीक्षक म्हणजे शाळूचा राखणदार. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा सातारा-सांगलीतला पट्टा कमी पावसाचा आणि रब्बी ज्वारीचा. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, थंडी पडली की कणसात दाणा भरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत भोरड्यांचे थवे उतरतात. भोरडी म्हणजे पळसमैना: अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात पिलं वाढवून ती दख्खनवर येते आणि एप्रिलपर्यंत राहते. शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, अंगावर घोंगडी घेऊन तांबडं फुटायच्या आत वर चढायचं आणि थवा खाली बसण्याआधी गोफणगुंडा सोडायचा, हे राखणीचं काम. थवा कुठल्या अंगाने येतो, रात्री कुठल्या झाडांवर वसतीला जातो, ऊन चढल्यावर कसा पांगतो, हे राखणदाराला ठाऊक असावंच लागे. हीच भोरडी नाकतोडे आणि टोळही फस्त करते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांना आवर घालण्यासाठी तिला मुद्दाम दगडांची घरटी रचून देतात. तिकडे आणि इकडे दोन्हीकडे शेतकरीच तिची वाट बघतो. तिकडे ती टोळ खायला यावी म्हणून, इकडे तिला हाकलायचं म्हणून.

राखणदाराने काही लिहून ठेवलं नाही. लिहिणारा आला तो फौजेतून. विल्यम हेन्री साइक्स १८१७ च्या खडकीच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढले होते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची माहिती जमवण्याच्या कामावर नेमलं. पिकं, लोकसंख्या, हवामान, मासे, जनावरं असं सारं टिपत ते फिरले आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीसमोर दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. त्यातल्या ५६ जाती विज्ञानाला नव्या होत्या. गंमत अशी, की या नव्या जातींत दुर्मीळ पक्ष्यांबरोबर अगदी रोजचे पक्षीही होते. ओढ्याकाठी दबा धरून बसणारी ढोकरी, कुंपणात शेपटी उभारून ओरडणारा राखी वटवट्या, परसात टोळीने कालवा करणारा मोठा करडा सातभाई; या तिघांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही साइक्स आणि १८३२ लिहिलं जातं. सातभाईचं नाव त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून ठेवलं. महाबळेश्वरचं थंड हवेचं ठाणं वसवणारे ते हेच माल्कम.

त्या काळी पक्षी नोंदवायचा म्हणजे आधी मारायचा. दुर्बीण अपुरी, छायाचित्र तर नाहीच. पुरावा एकच, पेंढा भरलेलं कातडं. अहमदनगरचे अमेरिकन मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनीही महाबळेश्वरच्या डोंगरात असेच नमुने जमवले. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर इथे मिळालेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली गेली. त्याचे संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. याच ह्यूमनी १८८५ मध्ये आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. कातडी आणि अंडी मिळून त्यात सुमारे ८२,००० नमुने होते.

साताऱ्यात जन्मलेल्या ईहांनी वेगळी वाट धरली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्या आठांत ईहा होते. प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुनही होते. संस्थेचे पहिले चिटणीस ईहाच झाले. त्याच वर्षी त्यांचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ पुस्तकरूपाने आलं. त्यातला ‘सरहद्दीवरचा मुलूख’ म्हणजे बंगल्याचा व्हरांडा आणि आवार, आणि ‘टोळ्या’ म्हणजे तिथले कावळे, पाली, उंदीर, मुंग्या. कच्छच्या रणाकाठी खाराघोड्याच्या मिठागरावर नोकरी करताना जे घरबसल्या दिसलं, तेच त्यांनी ग्रंथाचा विषय केलं. संस्थेच्या संग्रहालयात कातडी जमतच राहिली, पण ईहांच्या वाचकाला बंदुकीची गरज नव्हती. खिडकी असली की पुरे.

पक्ष्यांवरचं त्यांचं स्वतंत्र पुस्तक, ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’, १९०० मध्ये निघालं. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी एक नवा पायंडा पाडला. नाताळच्या दिवशी तिथे टोळ्या करून, जो जास्त पाखरं मारेल तो जिंकला अशी शर्यत लावायची प्रथा होती. चॅपमन म्हणाले, मारू नका, मोजा. २७ जणांनी मोजणी केली आणि थंडीतली पक्षिगणना सुरू झाली.

कॅमेरा मात्र थंडीच्या पाखरांपर्यंत फार उशिरा पोचला. कारण तांत्रिक होतं. जुन्या काचेच्या प्लेटा आणि सुरुवातीच्या फिल्मा मंद होत्या, भिंगाचा पल्ला कमी होता. पक्षी टिपायचा तर त्याच्या अगदी जवळ जायला हवं, आणि तो पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागी यायला हवा. अशी हमी फक्त घरट्याशी मिळे. घरट्याजवळ कापडाचं लपण उभारायचं, पक्ष्याला त्याची सवय होऊ द्यायची आणि आत तासन्‌तास बसायचं, ही छायाचित्रकाराची पद्धत. भारतात रेल्वेची नोकरी करत पक्षी टिपणाऱ्या लोथर यांचं ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक १९४९ चं. बेट्स यांच्यासोबत त्यांनी १९५२ मध्ये काढलेलं पुढचं पुस्तक तर काश्मीरात घरटी करणाऱ्या पक्ष्यांवरच आहे. सातारा-सांगलीचे हिवाळी पाहुणे इथे घरटं करतच नाहीत. कृष्ण थिरथिरा हिमालयात नाहीतर मध्य आशियात पिलं वाढवतो, पांढरा धोबी उत्तरेला, भोरडी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात. घरटं नाही म्हणजे लपण नाही, आणि लपण नाही म्हणजे फोटो नाही.

ही कोंडी आधी लांब पल्ल्याच्या भिंगांनी आणि मग डिजिटल कॅमेऱ्याने फोडली. फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो. धुवून येईपर्यंत काय उमटलं कळायचं नाही. डिजिटल कॅमेऱ्यात चुकलेला फोटो जागीच पुसता येतो, आणि कृष्णाकाठच्या धुक्यातल्या अपुऱ्या उजेडातही शटर पुरेसं वेगाने मिटतं. शिवाय परसात बसणाऱ्याला घरट्याच्या जागी दुसरा ठिय्या सापडला. थिरथिरा हिवाळाभर आपली हद्द धरून असतो. तोच खांब, तीच वई, तोच पाटाचा दगड. त्यावर बसून शेपटी थरथरवायची, खाली झेप घेऊन किडा उचलायचा आणि परत यायचं. दोन सकाळी नीट पाहिलं की तिसऱ्या दिवशी कॅमेरा कुठे रोखायचा ते कळतं. थंडीत पाखरं पिसं फुलवून अंगाशी हवा कोंडून धरतात आणि कोवळ्या उन्हात बराच वेळ एका जागी बसतात, तेही छायाचित्रकाराच्या पथ्यावर पडतं. नऊ-दहा वाजले की मात्र माळाची जमीन तापू लागते, हवा थरथरते आणि लांबून घेतलेलं चित्र विरघळल्यासारखं येतं.

परसाबाहेर गर्दी असते ती तळ्यांवर, आणि ही तळी दुष्काळाने दिलेली. येरळेच्या खोऱ्यातला मायणीचा तलाव आणि माणगंगेवरचा राजेवाडीचा, म्हणजे जुन्या कागदांतला म्हसवडचा तलाव, हे दोन्ही एकोणिसाव्या शतकात शेतीच्या पाण्यासाठी बांधले गेले. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये ते पाटबंधाऱ्यांची कामं म्हणून येतात. बांधणाऱ्यांच्या डोक्यात पाखरं नव्हती. पण कोरड्या मुलखात उथळ पाणी साठलं आणि रोहित, चक्रवाक, थापटे थंडीत तिथे उतरू लागले. मायणीत गाळ साचत गेला तसे रोहित येरळवाडी आणि सूर्याचीवाडीच्या पाण्याकडे वळले. २०२१ मध्ये राज्य सरकारने मायणी परिसर पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला.

याच कोरड्या पट्ट्यातलं माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचं गाव. ते १९२७ मध्ये जन्मले तेव्हा माडगूळ औंध संस्थानात होतं. सांगली जिल्ह्याचा जन्म ‘दक्षिण सातारा’ या नावाने १९४९ मध्ये झाला आणि आजचं नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. जंगलात मुक्काम ठोकावा, दिसेल ते वहीत टिपावं, हाताने रेखाटावं, ही माडगूळकरांची पद्धत. त्यांचं ‘नागझिरा’ वाचणाऱ्या मराठी पिढीला ईहा ठाऊक नसतील, पण निवांत बघण्याची गोडी तिला माडगूळकरांनी आणि मारुती चितमपल्लींनी लावली. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा, पक्षितज्ज्ञ सालीम अलींचा १२ नोव्हेंबरचा. हे दोन दिवस जोडून महाराष्ट्र सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह सुरू केला, म्हणजे थंडी लागायच्या सुमाराला. फेब्रुवारीत परसातल्या पाखरांची चार दिवसांची जागतिक मोजणी असते. भारत तिच्यात २०१३ पासून आहे.

त्या चार दिवसांत तासगावकडे द्राक्षं पिकत आलेली असतात. बागायतदार घडांवर जाळी टाकतो, चमकत्या पट्ट्या बांधतो, डबे वाजवतो. माळ्यावरची गोफण इथे अशा नव्या रूपात आली आहे. बांधापलीकडच्या बाभळीत त्याच वेळी मातकट रंगाचा, चिमणीहून लहान पक्षी चकचक करत फिरत असतो. तो ब्लाइदचा वेळू वटवट्या की साइक्सचा, हा प्रश्न पूर्वी कातडं हातात घेतल्याशिवाय सुटत नसे. साइक्सच्या वटवट्याला तर विसाव्या शतकात बराच काळ स्वतंत्र जातीचा मान नव्हता. आता चोचीची लांबी, शेपटीच्या कडेचा फिका रंग आणि पंखाची टोकं किती बाहेर येतात एवढं दिसणारे दोन स्वच्छ फोटो, जोडीला आवाजाची नोंद, इतक्यावर जाणकार निर्णय देतात आणि पक्षी बाभळीतच राहतो.