परवाना खिशात, ज्येष्ठता मागे

जिल्हा परिषदेच्या गुरुजींची आंतरजिल्हा बदली झाली, की आनंदाबरोबर थोडी हुरहुरही येते. गाव जवळ येते, पण सेवाज्येष्ठता मागे राहते; नव्या जिल्ह्याच्या यादीत नाव शेवटी लागते. कळंबसारख्या तालुक्याच्या गावात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. विमान चालवणाऱ्या माणसाचेही असेच असते. पंधरा वर्षे एका कंपनीत काढलेला वैमानिक दुसरीकडे जातो, तेव्हा परवाना आणि उड्डाणाचे तास त्याच्याबरोबर जातात. ज्येष्ठता बहुधा जुन्या कंपनीतच राहते. आणि कॅप्टनची डावी खुर्ची आधी कुणाला, मोठ्या विमानाचे प्रशिक्षण कुणाला, हे पुष्कळदा त्या यादीवरच ठरते.

हा पेच आपल्या भागाला अगदीच परका नाही. १९५६ पर्यंत कळंब हैदराबाद राज्यात होते आणि त्या राज्याची स्वतःची विमान कंपनी होती, डेक्कन एअरवेज. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून ती १९४५ साली निघाली. बेगमपेठच्या धावपट्टीवरून तिची डकोटा विमाने उडत.

याच कंपनीने प्रेम माथूर यांना नोकरी दिली. १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असे म्हणून इतर कंपन्यांनी त्यांना नाकारले होते. हैदराबादने दार उघडले, पण सहवैमानिकाच्या खुर्चीपुरतेच. उड्डाणाचे आवश्यक तास भरले, तरी विमानाची सूत्रे हाती येईनात. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकणाऱ्या या वैमानिकाने अखेर ती नोकरी सोडली आणि उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांचे खासगी विमान चालवायला घेतले.

दुसरे कुणी दार उघडत नसताना हातची नोकरी सोडणे म्हणजे धाडसच. पण त्यामागे हिशेब होता. ज्येष्ठतेला किंमत केव्हा? यादी पुढे सरकत असेल तेव्हा. जी यादी आपल्या नावापाशीच अडते, ती सोडताना फारसे काही गमवावे लागत नाही.

पुढे गंमत झाली. १९५३ मध्ये सरकारने विमान वाहतूक ताब्यात घेतली आणि डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. जे जागचे हलले नव्हते, त्यांचीही कंपनी बदलली! माथूर त्याच वर्षी इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झाल्या.

मग जवळजवळ चाळीस वर्षे देशांतर्गत वैमानिकाला निवड अशी उरलीच नाही. नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या. १९९४ मध्ये जुना कायदाही रद्द झाला. चांगल्या पगारासाठी अनेकांनी सरकारी नोकरी सोडली. पण ईस्ट वेस्ट १९९६ मध्ये बंद पडली. १९९३ साली सुरू झालेली जेट एअरवेज पाव शतक टिकली आणि एप्रिल २०१९ मध्ये थांबली. तेथे वर्षानुवर्षे कमावलेल्या ज्येष्ठतेचे मोल एका दिवसात शून्य झाले.

जे सरकारी कंपनीत राहिले, ते तरी निर्धास्त होते का? २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एक झाल्या. दोन याद्या जुळवायच्या कशा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. नव्या ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कुणाला द्यायचे, यावरून २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप जवळपास दोन महिने चालला. घर न बदलताही घरातली जागा बदलू शकते, ती अशी.

आता उठून लगेच जाताही येत नाही. २०१७ च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. म्हणजे वर्षभरानंतर नवी कंपनी कुठे असेल, याचाही अंदाज आजच बांधायचा.

अशा वेळी पगाराचा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. इतिहास मात्र वेगळे प्रश्न विचारायला सांगतो. तिथे मी कोणत्या खुर्चीत बसणार? तिथली यादी पुढे सरकते का? आणि ती कंपनी उद्या बुडाली, तर माझ्याकडे काय उरेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सत्तर वर्षांत बदललेले नाही. परवाना, उड्डाणाचे तास आणि हातातले कसब, एवढेच वैमानिकाचे स्वतःचे. बाकी सारे कंपनीचे.