सैतान मानावा लागतो का?

मेटल ऐकणाऱ्यांच्या कुठल्याही अड्ड्यावर सैतानवादाचा विषय काढा, पाच मिनिटांत कुणीतरी जाणकाराच्या सुरात सांगतोच: "अरे, ते सैतानाला मानत नाहीत. ते नास्तिक असतात." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला हो म्हणण्याऐवजी "कधीपासून?" असं विचारावंसं वाटतं. कारण ते वाक्य आज बऱ्यापैकी खरं असलं, तरी सुरुवातीपासून तसं नव्हतं. ते एका भांडणातून पक्कं झालं, आणि ते भांडण देव आहे की नाही यावरून सुरूच झालं नव्हतं. सुरू झालं ते पैशांवरून.

आधी शब्दाचं बघू. 'सैतान' मराठीत आला अरबी-फारसीतून, पण त्याचं मूळ त्याहून जुनं आहे. हिब्रूत 'सातान' म्हणजे विरोधक, आरोप करणारा. बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत तो चक्क देवाच्या दरबारात हजर असतो आणि देवाची परवानगी घेऊन ईयोबाला छळतो. सरकारी वकिलासारखं पद म्हणा. देवाचा कट्टर शत्रू, नरकाचा राजा वगैरे बढती त्याला नंतर मिळाली. मिल्टनने १६६७च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये त्याला इतकी भारदस्त भाषणं दिली की पुढच्या रोमँटिक कवींना तोच नायक वाटायला लागला.

पण स्वतःला सैतानवादी म्हणवणारी माणसं या सगळ्या काळात जवळपास नाहीतच. हा शब्द दुसऱ्याला चिकटवायचा होता. फ्रान्समध्ये लिओ ताक्सिल नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीमेसन लोक सैतानाची पूजा करतात अशी पुस्तकांमागून पुस्तकं छापली, भल्या-भल्या कॅथलिकांनी ती खरी मानली, आणि १८९७मध्ये पॅरिसला सभा भरवून त्याने सांगून टाकलं की ही सगळी थाप होती. मधूनच डेन्मार्कच्या बेन कादोशसारखा एखादा निघायचा. त्याने १९०६मध्ये ल्युसिफरच्या उपासनेची एक पुस्तिका काढली होती. म्हणजे सैतान खरा मानणारा माणूस, आपल्या जाणकार मित्राच्या नास्तिकांपेक्षा साठ वर्षं जुना. पण एकटादुकटाच.

संघटना उभी राहिली ती १९६६मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. अँटन लाव्हे नावाच्या टक्कल केलेल्या, ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाने ३० एप्रिलच्या रात्री 'चर्च ऑफ सेटन' स्थापन केल्याचं जाहीर केलं. घर काळ्या रंगाने रंगवलेलं. पुढच्याच वर्षी त्याने तीन वर्षांच्या आपल्या मुलीचा, झीनाचा, सैतानी बाप्तिस्मा केला आणि त्याचे फोटो जगभर छापून आले. लाव्हेला प्रसिद्धी कशी मिळवायची हे उपजत कळत होतं. आपण सर्कशीत सिंहांबरोबर काम केलं, पोलिसांचे फोटोग्राफर होतो, असं तो सांगायचा. १९९१मध्ये लॉरेन्स राइट या पत्रकाराने शोध घेतला तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टींना पुरावा सापडला नाही.

१९६९मध्ये त्याचं 'द सेटॅनिक बायबल' आलं. मी ते वाचलं तेव्हा पहिल्या भागात अनोळखी असं काही वाटलंच नाही. आयन रँड वाचून झालेल्या आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांनाही वाटणार नाही. स्वार्थ वाईट नाही, दुसऱ्या गालाचं तत्त्वज्ञान दुबळ्यांचं, माणसाने स्वतःचाच देव व्हावं. यात रॅग्नार रेडबियर्डच्या १८९६च्या 'माइट इज राइट'मधला मजकूर बराचसा तसाच्या तसा उचललेला आहे. इथवर सैतान म्हणजे निव्वळ प्रतीक.

मग पुस्तकाचा उत्तरार्ध येतो, आणि सूर बदलतो. घंटा, तलवार, काळ्या मेणबत्त्या, शाप देण्याचे विधी. सोळाव्या शतकातल्या जॉन डीला देवदूतांनी सांगितली असं मानली जाणारी आवाहनं, शब्द फिरवून छापलेली. आवाहनात घ्यायच्या नरकातल्या नावांची लांबलचक यादी. या यादीत शिव आहे, आणि कालीसुद्धा आहे, शिवाची मुलगी म्हणून! घाईघाईत जगभरच्या दैवतांची भरती केली की नातेवाइकांचा असा घोळ होतो. इजिप्तचा सेटही त्याच यादीत आहे. त्याच्याकडे परत येऊ.

शिवाय लाव्हे पूर्ण नास्तिकासारखं लिहितही नाही. विश्वात समतोल राखणारी एक शक्ती आहे, पण तिला तुमच्या-माझ्या सुखदुःखाशी घेणंदेणं नाही, असं तो म्हणतो. विधी ही मन मोकळं करायची नाटकं आहेत असंही म्हणतो आणि जादू खरोखर लागू पडते असंही. वाचणाऱ्याने काय समजायचं? माझ्या मते ही संदिग्धता हेच त्या संस्थेचं भांडवल होतं. ज्याला बंडखोर पार्टी हवी त्याला ती मिळत होती, ज्याला अंधारात कुणीतरी खरंच ऐकतंय असं वाटायला हवं होतं त्यालाही रिकाम्या हाताने जावं लागत नव्हतं.

ऐकणारं कुणीतरी आहे असं मानणाऱ्यांत मायकेल अक्विनो होता. अमेरिकी लष्करातला अधिकारी, मानसशास्त्रीय युद्धतंत्राचा माणूस, पुढे राज्यशास्त्रात डॉक्टरेट केलेला. तो १९६९मध्ये चर्चमध्ये आला आणि व्हिएतनाममध्ये नेमणुकीवर असताना त्याने सैतान आणि त्याच्या साथीदारांच्या तोंडी घातलेला एक ग्रंथ लिहिला. लाव्हेला तो आवडला. अक्विनो वर चढत गेला, चर्चच्या नियतकालिकाचा संपादक झाला. सहा वर्षं या दोघांना एकाच छताखाली राहताना "तू खरंच मानतोस का?" हा प्रश्न निकाली काढायची गरज पडली नाही.

१९७५मध्ये लाव्हेने ठरवलं की चर्चमधल्या पदव्या, पुरोहितपदसुद्धा, यापुढे पैसा, वस्तू किंवा वजन यांच्या बदल्यात देता येतील. अक्विनो भडकला. त्याचं म्हणणं असं की पुरोहिताची नेमणूक सैतान करतो, आपण फक्त ती ओळखतो; ती विकायची तर सैतान नाहीच असं कबूल केल्यासारखं आहे. लाव्हेच्या बाजूचं म्हणणं उलट: संस्था आमची, पदव्या आमच्या, आणि हा माणूस रूपकालाच खरं धरून बसला. अक्विनोने जूनमध्ये राजीनामा दिला आणि बरेच पुरोहित त्याच्याबरोबर बाहेर पडले. (या प्रकरणाची सगळ्यात तपशीलवार हकीकत अक्विनोनेच लिहिलेली आहे, तेव्हा ती वाचताना मीठ हाताशी ठेवावं. भांडणातल्या एका पक्षाने इतकी कागदपत्रं जपावीत हीसुद्धा इतिहासाची एक गंमत.)

आता पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अक्विनोने त्याच महिन्यात, उत्तरायण संपण्याच्या रात्री, सैतानाला विचारलं की आता काय करू. त्याच्या सांगण्याप्रमाणे उत्तर आलं, आणि ते त्याने लिहून काढलं. पण उत्तर देणाऱ्याने आपलं नाव सैतान सांगितलं नाही. सेट सांगितलं. सैतान हे हिब्रूंनी केलेलं विकृतीकरण, मी त्याहून जुना, असा एकूण आशय. अक्विनोने 'टेंपल ऑफ सेट' काढलं आणि सरकारदरबारी धर्मसंस्था म्हणून रीतसर नोंदवलं.

म्हणजे बघा, ज्याने सैतान खरा मानला त्याला सैतानाचं नाव सोडावं लागलं. आणि ज्याने नाव ठेवलं त्याने मानणं सोडलं. मला हा योगायोग वाटत नाही. सैतान खरा म्हटला की त्याच्याबरोबर सगळं खटलं येतं: तो ज्याच्याविरुद्ध उठला तो देव, ते स्वर्गातून ढकलणं, तो शेवटचा निवाडा, आणि त्या निवाड्यात सैतान हरणार हे आधीच छापलेलं. त्या कथेत राहून त्याची भक्ती करणं म्हणजे हरणाऱ्या संघावर घर गहाण टाकणं. त्यामुळे मानणारे लोक बहुतेक वेळा त्याला ख्रिस्ती कथेतून बाहेर काढून दुसऱ्या घरी दत्तक देतात. अक्विनोने इजिप्तला दिला. 'जॉय ऑफ सेटन' नावाचा अलीकडचा एक गट तो सुमेरचा एन्की असल्याचं सांगतो, आणि त्या निमित्ताने ज्यूद्वेषाचं भरपूर विषही पसरवतो. श्रद्धेला जागा आहेच, पण ती मिळते पत्ता बदलल्यावर.

इकडे चर्च ऑफ सेटनची नास्तिकता या फुटीनंतर पक्की होत गेली. तिला धार आली ऐंशीच्या दशकात. १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले, चौकशीत सैतानी विधींच्या कहाण्या निघायला लागल्या, आणि १९९०पर्यंत चाललेल्या खटल्यात एकही दोष सिद्ध झाला नाही. तोवर माणसांची वर्षं तुरुंगात गेली होती. देशभर अशी प्रकरणं झाली. १९९२मध्ये एफबीआयच्या केनेथ लॅनिंग यांनी लिहून ठेवलं की अशा संघटित विधी-हत्यांना पुरावा मिळालेला नाही. त्या वर्षांत टीव्हीवर येऊन "सैतान हे आमच्यासाठी केवळ प्रतीक आहे" असं सांगणं ही तत्त्वचर्चा राहिली नव्हती. तो बचाव होता. हे सांगायला लाव्हेच्या बाजूने उभी असायची ती झीनाच.

पण बचाव म्हणून जे चाललं तेच पुढे अडचण झालं. २०१३मध्ये सुरू झालेलं 'द सेटॅनिक टेंपल' उघडपणे अलौकिकाला नाकारतं, आणि सरकारी आवारात दहा आज्ञांचा दगड बसणार असेल तर शेजारी आमचा बाफोमेटही बसवा असं म्हणत कोर्टात जातं. विरोधक विचारतात, तुम्ही मानतच नाही तर धर्म कसले? अमेरिकी कायद्याचं उत्तर जुनंच आहे. श्रद्धा खरी की खोटी हे ज्यूरीने तपासायचं नाही, ती प्रामाणिक आहे का एवढंच बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४४मध्ये सांगितलं. देव न मानणारेही धर्म असतात हे १९६१मध्ये. २०१९मध्ये करखात्याने या संस्थेला चर्च म्हणून मान्यता दिली.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही खरं तर. आपल्या दर्शनांच्या जुन्या वर्गवारीत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. ईश्वराशिवाय काम भागवणारं सांख्य त्यात आस्तिक, आणि जैन-बौद्ध नास्तिक असूनही पक्के धर्म. श्रद्धा की अश्रद्धा ही दोनच दारं असलेली खोली ही त्या बाजूची बांधणी आहे, आणि सैतानवादी तिच्याविरुद्ध कितीही ओरडले तरी भांडतात त्याच खोलीत.

झीना १९९०मध्ये वडिलांच्या चर्चमधून बाहेर पडली, आणि राजीनाम्याचं पत्र तिने लिहिलं ते अक्विनोला. पुढे ती टेंपल ऑफ सेटमध्ये गेली, थोडा काळ तिथली प्रमुख पुरोहितही झाली, २००२मध्ये तेही सोडलं. लाव्हे १९९७मध्ये वारला, काळं घर २००१मध्ये पाडलं गेलं. झीना आज तिबेटी बौद्ध साधना शिकवते.