पाबळची कार्यशाळा, शाळेचं वेळापत्रक

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. आणि हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी मागे ठेवून डॉ. श्रीनाथ कलबाग शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू झाला. गाव पावसाच्या भरवशावरचं. शिक्षण गावाच्या गरजेशी जोडायचं, तर अशाच ठिकाणी जोडून दाखवायला हवं होतं.

यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आकाराला आला. शाळांत तो ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’, थोडक्यात ‘आयबीटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग करायचेच. मुलींनी वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायचा आणि मुलांनी स्वयंपाकघरात उभं राहायचं. मला या अभ्यासक्रमातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

समजा, गावातल्या कुणाला टाकीसाठी लोखंडी स्टँड हवा आहे. मुलं जागेवर जाऊन मापं घेतात, आकृती काढतात, अँगल किती लागेल ते मोजतात. मग वजनावरून लोखंडाची किंमत, वेल्डिंग रॉड, वीज, मजुरी असा हिशेब मांडतात. कोपरा काटकोनात बसला नाही, तर स्टँड डुगडुगतो. भूमिती तिथं आपोआप तपासली जाते. शिकवायला गावातलाच कारागीर, म्हणजे पदवीपेक्षा हातातल्या कसबाला मान. आणि गिऱ्हाईक खरं असल्यामुळे ‘चालेल’ म्हणून सोडून देता येत नाही.

राज्य मंडळानं आयबीटीला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली, हे फार महत्त्वाचं. गुण नसलेल्या विषयाची तासिका परीक्षा जवळ आली की गणिताला जाते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

२००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं पाबळला फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. संगणकावर आराखडा करायचा आणि यंत्राकडून कापून घ्यायचा, ही गोष्ट कार्यशाळेत आली. २००३ मध्ये कलबाग गेले. काम थांबलं नाही. लेंड अ हँड इंडियासारख्या संस्थांच्या साथीनं आयबीटी इतर राज्यांतल्या शाळांतही पोहोचलं, आणि आज पाबळच्या कार्यशाळेत वेल्डिंग मशीनच्या जोडीला सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलरही आहेत.