खारे पाणी आणि जस्ताचा ठोकळा

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून आपल्या ज्ञातीच्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. त्यापूर्वी होडीला रंग लागतो, पताका चढतात. परंतु होडीच्या पोटातील इंजिनाच्या खणात डोकावून पाहणारे थोडेच. तेथे खारे पाणी लोखंडाला कसे खाते आणि त्यावर उपाय कसा सापडला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळींच्या आज्ञेवरून तो अल्पमतीप्रमाणे ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

या इतिहासाचा आरंभ इंजिनाच्याही पूर्वीचा आहे. लाकडी जहाजांचे तळ सागरी किडा पोखरून टाकी. त्यावर तोड म्हणून इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या ३२ तोफांच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढविला. वेस्ट इंडीजची सफर करून ते परतल्यावर १७६३ साली त्याची तपासणी झाली. पत्र्याखालचे लाकूड किड्यापासून वाचले होते. पण तांब्याला भिडलेले लोखंडी खिळे गंजून त्यांचा लगदा झाला होता. नवल असे की, काही खिळे शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तेथे अनवधानाने मध्ये राहून गेले होते. दोन धातूंची गाठ पडली नाही, म्हणून लोखंड वाचले!

यामागील शास्त्र पुढे उलगडले. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने दोन धातूंच्या चकत्या व खारे पाणी यांच्या योगाने विद्युत्प्रवाह निर्माण केला. दोन भिन्न धातू परस्परांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की तशीच बॅटरी तयार होते आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांब्यासोबत लोखंड झिजते; लोखंडासोबत जस्त झिजते.

तांब्याचे पत्रेही समुद्रात झिजत. १८२४ साली सर हंफ्री डेव्ही यांनी रॉयल सोसायटीपुढे उपाय मांडला, की तांब्याला जस्ताचा वा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडावा. तो स्वतः झिजेल व तांबे राखील. प्रत्यक्ष जहाजांवर याचे प्रयोग झाले. त्यांतील एक जहाज ‘समरंग’ हे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, कोचीन येथे बांधलेले होते. तांबे खरोखरच वाचले. परंतु तांबे झिजेनासे होताच त्यावर शेवाळ व शिंपले माजू लागले आणि जहाजांची गती मंदावली. १८२५ साली आरमाराने ते तुकडे काढून टाकण्याचा हुकूम दिला. १८२९ साली डेव्ही निवर्तले. पुढे लोखंडी जहाजे आली, तेव्हा त्याच जस्ताला त्याचे खरे स्थान लाभले.

आपल्या होडीत आज काय असते? लोखंडी इंजिन, पितळी झडप, तांबेमिश्रित नळ्या, मागे काशाचा पंखा. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तो क्षार हवेतील ओल शोषून घेतो. म्हणून इंजिनाचा खण वरकरणी सुकला तरी धातू ओलाच राहतो. त्यात उष्णतेची भर.

धातूंची क्रियाशीलता श्रेणी मी अनेक वर्षे फळ्यावर लिहून शिकविली. पण घरची होडी? १९८९ सालच्या मे महिन्याच्या सुटीत थोरल्या बंधूंच्या होडीला मी हौसेने रंग दिला आणि तळाचा जस्ताचा ठोकळाही त्याच लाल रंगात माखला. रंगाखाली जस्त निकामी होते, हे मला सुचले नाही. खणातील पितळी झडपेला लोखंडी बोल्ट होते. बोल्टची डोकी रंगाने चकचकीत दिसत. आतून ते खाऊन गेले होते. त्याच हंगामात एका सायंकाळी झडप निसटली. इंजिन पाण्याखाली गेले. बंधू व चार खलाशी रात्रभर पाणी उपसत राहिले. पहाटे दुसऱ्या होडीने त्यांना बंदरात ओढून आणले. दर्याने माणसे परत दिली. बंधूंनी मला शब्दाने दुखविले नाही. ते आजही मला बोचते.

म्हणून तरुण नाखवांना विनंती आहे. पितळेला लोखंडी बोल्ट लावू नयेत. तळाशी पाणी साचू देऊ नये. पंख्याच्या दांड्यापाशी गळती दिसताच बंद करावी. इंजिनावर उडालेले खारे पाणी गोड्या पाण्याने पुसून, कोरडे करून, तेलाचा हात फिरवावा. खणात हवा खेळती ठेवावी. जस्त कधीही रंगवू नये. निम्मे झिजताच बदलावे. आणि जस्त मुळीच झिजले नाही, तर आनंद मानू नये. त्याची जोडणी तुटली आहे असे समजावे.

दधीची ऋषींनी अस्थी दिल्या, तेव्हा देवांचे रक्षण झाले. जस्ताचा ठोकळा आपल्या होडीसाठी तेच करतो. त्याला तसे करू देण्याइतकी दक्षता आपण बाळगावी. येत्या हंगामात आपल्या सर्व होड्या सुखरूप बंदराला लागोत, हीच प्रार्थना.