प्रयोगशाळेचा कायदा आणि जंगलाचा कायदा : नागभीड परिसराच्या संदर्भात प्राणिप्रयोगांच्या नियमनाचा इतिहास

प्रास्ताविक

वैज्ञानिक संशोधनात प्राण्यांचा वापर हा विषय निघाला की मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळा, पिंजऱ्यातील उंदीर-ससे आणि औषधनिर्मिती यांचीच चर्चा होते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडसारख्या तालुक्याचा या विषयाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणास वाटत नाही. वास्तविक सर्वच प्रायोगिक प्राणी पिंजऱ्यात जन्मलेले नसतात. काही शेतातून, तलावातून वा जंगलातून पकडून आणले जातात, तर काहींचा अभ्यास ते जंगलात असतानाच होतो. अशा प्राण्यांचा प्रश्न धानाची बांधी, मामा तलाव आणि घोडाझरीचे जंगल यांच्या या प्रदेशात अधिक ठळकपणे समोर येतो. भारतात प्राणिप्रयोगांचे नियमन दोन स्वतंत्र कायद्यांच्या आधारे वाढत गेले. त्यांपैकी एकाने प्राण्याच्या वेदनेचा विचार केला, तर दुसऱ्याने प्रजातीच्या अस्तित्वाचा. या दोहोंच्या मधल्या जागेत वन्यप्राणी कसा सापडला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवाना आवश्यक करणारा कायदा १८७६ साली संमत झाला. हिंदुस्थानात १८९० साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला, परंतु त्याचा रोख रस्त्यावरील गाडीबैल, घोडे आणि दुभती जनावरे यांच्या छळावर होता. प्रयोगशाळेसाठी परवान्याची तरतूद त्यात नव्हती. सहा वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, ती प्रथम सशांवर पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली व १९२५ पासून हाफकीन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनिपिग सोडून रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे सिद्ध करण्याचे काम केले. ज्या संशोधनाने लक्षावधी माणसांच्या मृत्यूचे कारण उलगडले, ते करताना परवाना मागण्याची गरज कोणाला पडली नाही, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

विरोध मात्र होता. कसौली येथे १९०० साली स्थापन झालेल्या पाश्चर संस्थेला इंग्लंडमधील प्राणिप्रयोगविरोधी मंडळींनी आक्षेप घेतला होता. महात्मा गांधींनी १९०९ मधील 'हिंद स्वराज्य' या ग्रंथात डॉक्टरांच्या व्यवसायावर टीका करताना प्राण्यांवरील प्रयोगांचा स्पष्ट निषेध केला. पुढे १९३६ पासून त्यांनी वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे वास्तव्य केले, त्यामुळे विदर्भाला हा विचार परका राहिला नाही. तरीही गांधींच्या या भूमिकेचा स्वातंत्र्योत्तर धोरणावर जो प्रभाव पडला, तो मर्यादितच होता असे म्हणावे लागते.

१९६० चा कायदा व त्यानंतर

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत प्राणिक्रूरतेविषयी खासगी विधेयक मांडले. सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि १९६० साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम अस्तित्वात आला. त्याचे चौथे प्रकरण प्रयोगांविषयी आहे. त्याची सुरुवातच मोठी बोलकी आहे. नवे ज्ञान मिळविण्यासाठी किंवा माणसांचे, प्राण्यांचे वा वनस्पतींचे रोग हटविण्यासाठी केलेला प्रयोग बेकायदेशीर ठरणार नाही, असे कलम १४ प्रथम सांगते व मगच नियंत्रणाची भाषा येते. कलम १७ नुसार पुस्तके, प्रतिकृती वा चित्रफिती यांनी काम भागत असेल तेथे महाविद्यालयांतून प्रयोग टाळावेत, तसेच केवळ हातसफाईसाठी शक्यतो प्रयोग करू नयेत. मोठ्या प्राण्यांऐवजी ससे, उंदीर, बेडूक यांसारख्या लहान प्राण्यांवर भागवावे, असेही हेच कलम सांगते. म्हणजे एका प्राण्याला वाचविताना दुसऱ्याचे नाव कायद्यानेच पुढे केले.

या कायद्यान्वये १९६४ मध्ये प्रथम समिती नेमली गेली, पण तिचे काम फारसे जाणवले नाही. १९९० च्या दशकात मेनका गांधी यांच्या पुढाकाराने 'सीपीसीएसईए' समितीला नवे बळ मिळाले. १९९८ च्या नियमांनी प्रयोगशाळांची नोंदणी व प्रत्येक संस्थेत नीतिसमिती बंधनकारक केली. या नीतिसमितीत शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्यासोबत विज्ञानक्षेत्राबाहेरील एक सामाजिक भान असलेली व्यक्ती असावी, असा दंडक आहे. शास्त्रज्ञांनी विलंबाची तक्रार केली, प्राणिमित्रांनी नियम ढिले असल्याची. २००१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि वाद पुढे चालू राहिला.

नागभीडसारख्या गावातील महाविद्यालयांपर्यंत या नियमनाची झळ पोहोचली ती बेडकांच्या निमित्ताने. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात बेडकाचे विच्छेदन अनेक पिढ्यांनी केले. बोडीत आणि बांधीत पावसाळ्यात सहज मिळणारा हा प्राणी शेतातील किडी खातो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये थांबविली, त्यामागे हाही एक विचार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१४ मध्ये ते थांबविण्याचा निर्णय घेतला. कलम १७ मधील तरतूद प्रत्यक्षात येण्यास अशा रीतीने अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

लाल तोंडाचे माकड : जंगलातून प्रयोगशाळेत

दोन कायद्यांमधील सीमारेषा सर्वांत स्पष्टपणे दिसते ती ऱ्हिसस माकडाच्या इतिहासात. या माकडाच्या प्रसाराची दक्षिण सीमा ढोबळमानाने गोदावरी मानली जाते. त्यामुळे पूर्व विदर्भ हा त्याच्या मुलखाचा दक्षिणेकडील पट्टा ठरतो. पोलिओ लसीच्या संशोधनासाठी व निर्मितीसाठी अमेरिकेला त्याची गरज भासू लागली, तेव्हा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडे निर्यात होत होती. १९५५ मध्ये भारताने निर्यात काही काळ थांबविली आणि माकडांचा उपयोग केवळ वैद्यकीय संशोधनासाठी व लसनिर्मितीसाठी होईल, या अटीवर ती पुन्हा सुरू केली. अमेरिकी सैन्याच्या किरणोत्सर्गविषयक प्रयोगांत ती वापरली जात असल्याचे इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग या संघटनेने उघडकीस आणले. मोरारजी देसाई सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली. या निर्णयाचे कौतुक योग्यच आहे, परंतु तो निर्यातबंदीचा निर्णय होता, वापरबंदीचा नव्हे. देशातील प्रयोगशाळांचा मार्ग खुलाच राहिला.

त्याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. कोरोनाच्या साथीत कोव्हॅक्सिन लसीची परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत ऱ्हिसस माकडांवर व्हावयाची होती. देशात प्रयोगासाठी जोपासलेली माकडे उपलब्ध नव्हती. टाळेबंदीमुळे वस्त्यांतील खाद्य आटल्याने माकडे जंगलात पांगली होती आणि महाराष्ट्रात बराच शोध घेतल्यावर ती नागपूरजवळ सापडली, अशी हकिकत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी २०२१ मधील आपल्या 'गोइंग वायरल' या पुस्तकात दिली आहे. पाच-पाचच्या चार गटांत वीस माकडांवर प्रयोग झाला. तीन गटांना लस देण्यात आली, एकास नाही, आणि नंतर सर्वांना विषाणूचा संसर्ग घडविण्यात आला. लस दिलेल्या माकडांच्या फुप्फुसांत न्यूमोनियाची लक्षणे आढळली नाहीत. ३ जानेवारी २०२१ रोजी या लसीच्या मर्यादित आपत्कालीन वापरास मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले व पुढे कोट्यवधी लोकांनी ती घेतली. विदर्भातील रानातली वीस माकडे या यशाच्या हिशेबात कोठेच मांडली जात नाहीत.

त्या वेळी ऱ्हिसस माकड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत होते. म्हणून ते पकडण्यासाठी वनखात्याची परवानगी लागे, आणि त्यावर प्रयोग करण्यासाठी प्राणिक्रूरता कायद्याखालील समितीची. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तीत हे माकड अनुसूचींतून वगळले गेले. शेतीचे नुकसान करणाऱ्या माकडांबद्दल शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे व जुनीही आहे. परंतु या बदलाने प्रयोगशाळेच्या वाटेवरील दोन दारांपैकी एक दार काढून टाकले गेले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

वाघ आणि रेडिओ कॉलर

नागभीडच्या संदर्भात अधिक निकटचा प्रश्न वाघाचा आहे. ब्रह्मपुरी वनविभागाचा बहुतेक भाग प्रादेशिक वनक्षेत्र आहे. घोडाझरी अभयारण्य २०१८ मध्ये घोषित झाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही येथील अनेक वाघ संरक्षित क्षेत्राबाहेर, धानशेती व गावे यांच्यामध्येच वावरत आले आहेत. हे वाघ कोठून कोठे जातात याचा अभ्यास करण्यासाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने काहींना रेडिओ कॉलर लावल्या. वाघाला बेशुद्ध करून गळ्यात यंत्र बसविणे हा त्याच्या शरीरावरील हस्तक्षेपच होय. तथापि त्याची परवानगी मुख्यतः वन्यजीव कायद्याच्या कलम ११ व १२ च्या चौकटीत पाहिली जाते. कलम १२ नुसार शिक्षण, वैज्ञानिक संशोधन व वैज्ञानिक व्यवस्थापन यांसाठी परवाना देता येतो आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. विशेष म्हणजे 'प्रयोग' या शब्दाच्या नियमांतील व्याख्येत प्राण्यांच्या वर्तनाविषयीचे ज्ञान मिळविणेही येते. म्हणजे शब्दार्थाने पाहिल्यास कॉलर लावलेला वाघ दोन्ही कायद्यांत बसतो, पण व्यवहारात विचार होतो तो एकाचाच.

नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला 'जय' हा प्रसिद्ध वाघ कॉलर असतानाही २०१६ च्या एप्रिलपासून दिसेनासा झाला. त्याचा बछडा 'श्रीनिवास' याच्याही गळ्यात कॉलर होती. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड वनपरिक्षेत्रात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने त्याचा मृत्यू झाला व त्याला पुरून टाकण्यात आले. कॉलरचा माग काढल्यामुळेच ही घटना उघडकीस आली. कॉलर हा वाघावरील अन्याय आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे. गळ्यात यंत्र नसलेला वाघ असा मेला असता, तर त्याची नोंदही झाली नसती. पण याच घटनेची दुसरी बाजूही आहे. रानडुकरांपासून धान वाचविण्यासाठी तारेत वीज सोडणारा शेतकरी कायद्याचे उल्लंघन करतो हे निर्विवाद असले, तरी आपल्या शेताजवळून कोणता वाघ जातो याची माहिती त्याच्यापेक्षा दूरच्या संगणकावर अधिक असते. संशोधनाचा विषय वाघ आहे, पण त्या संशोधनाच्या भूमीवर राहणारा माणूसही आहे.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात हलविण्यात आल्या, त्यांनाही कॉलर होत्या. अशा वेळी संशोधन कोठे संपते आणि व्यवस्थापन कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण होते. कलम १२ मध्ये ही दोन्ही प्रयोजने शेजारी-शेजारी लिहिलेली आहेत.

प्रयोगशाळेच्या नीतिसमितीत विज्ञानाबाहेरील एका व्यक्तीला स्थान आहे, हे वर नमूद केले. वन्यजीव कायद्याच्या परवान्यात तशी जागा कोणासही ठेवलेली नाही. याउलट वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्या गावात अभ्यासगटांची परंपरा त्याही आधीपासूनची आहे. वाघाला कॉलर लावण्याचा परवाना देताना ज्या ग्रामसभेच्या जंगलातून तो वावरतो तिचे मत घ्यावे, असे कलम १२ सांगत नाही. कलम ५ मध्येही संशोधनाच्या परवान्याचा उल्लेख नाही.