नारळाचं दूध आणि कायद्याचं दूध

व्हेगन म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘गोऱ्यांचं फॅड’. दोन, ‘मग खायचं काय, गवत?’ डॉक्टरांनी आमच्या धाकटीला दूध वर्ज्य केलं तेव्हा दोन्ही वाक्यं नातेवाइकांकडून पोटभर ऐकली. म्हणून थोडा इतिहास.

शब्द गोऱ्यांचा, हे खरं. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी तो घडवला. पण त्याच्या बत्तीस वर्षं आधी, १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी आणि कॅलनबाख यांनी दूध सोडलं होतं. खाणं काय, तर शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू, ऑलिव्हचं तेल. कलकत्त्याचे गवळी दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढायला जनावरांचे जे हाल करत, ते वाचून हा निर्णय पक्का झाला. पुढे मोठ्या आजारपणात मुंबईला असताना त्यांनी बकरीचं दूध घेतलं. वाट कस्तुरबांनी काढली: शपथ घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग बकरीचं का नको? गांधीजींना ते कायम सलत राहिलं. पण व्रत पुरुषाने घ्यायचं आणि त्यातून माणूस जगवायची युक्ती बाईने शोधायची, हा भाग मात्र अस्सल देशी!

आता ‘आपली संस्कृती दुधातुपाची’. कोणाची बुवा? देशावरच्या कष्टकरी घरात रोजचं ताट म्हणजे भाकरी, पिठलं, ठेचा, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. म्हैस असली तरी दूध बऱ्याचदा विकायला जायचं. याला मी प्राचीन शहाणपण म्हणणार नाही, ती सरळ टंचाई होती. पण त्या टंचाईत बायकांनी जो स्वयंपाक उभा केला तो आज जशाच्या तसा व्हेगन आहे, आणि चवीला कुठेही कमी नाही.

शहरांत दूध मुबलक झालं ते अलीकडे. मुंबईतले म्हशींचे गोठे हलवायला आरे कॉलनी झाली १९४९ मध्ये. ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झालं १९७० मध्ये, आणि गंमत बघा, त्याच्या पहिल्या टप्प्याचा पैसा उभा राहिला युरोपातून मदत म्हणून आलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल विकून. गोऱ्यांचं म्हणून नाक मुरडायचं तर मग आपल्या दुधाच्या पिशवीकडेही मुरडावं लागेल.

आणि गोडधोड? कोकणात शिरवाळे नारळाच्या रसात खातात, रसात गूळ आणि वेलची. गोव्यात नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नाताळात दोदोल: तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध. (ही घरं व्हेगन नव्हती, मासळीशिवाय त्यांचं पान हलत नाही. मी फक्त पदार्थाबद्दल बोलतोय.)

इथे सरकार येतं. २०२१ मध्ये एफएसएसएआयने ई-कॉमर्सवाल्यांना बजावलं, सोया-बदामाची पेयं ‘दूध’ म्हणून विकू नका. लगेच पुढच्या वर्षी त्याच संस्थेने व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि हिरवं चिन्ह आणलं. ग्राहक फसू नये हे मला मान्य आहे. पण ‘नारळाचं दूध’ म्हणताना आमची कुठली आजी फसली होती? ज्यांच्या मुलांना दूध चालत नाही, त्यांना पाकिटावर ‘दूध’ शब्द आहे की नाही यापेक्षा आत दुधाची भुकटी आहे की नाही हे ठळक हवं असतं. बिस्किटांच्या पाकिटावर ते शोधायला आम्हाला भिंग लागतं.

विकतचं बदामदूध रोज परवडत नाही, म्हणून आमच्याकडे खीर अशी होते: नारळ खोवून, कोमट पाणी घालून वाटायचा, पहिलं दाट दूध पिळून वेगळं ठेवायचं. त्याच चोथ्याचं दुसरं पातळ दूध काढून त्यात तांदूळ शिजवायचे, मग गूळ. दाट दूध गॅस बंद केल्यावरच घालायचं, उकळलं की ते फुटतं. धाकटी दोन वाट्या खाते, नातेवाईक तीन.