तळघरातलं विसण

बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातल्या एका शंभरी उलटलेल्या इमारतीच्या तळघरात, चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले तीन आकडे मला दिसले. बाहेर १० अंश तर पाणी ४५. बाहेर ० तर ६५. बाहेर उणे १० तर ८०. खाली फरशीवर जुन्या कोकच्या बॉयलरचा चौकोनी डाग अजून होता. अक्षर सावकाश काढलेलं, ठसठशीत. इमारतीच्या जुन्या रखवालदाराचं असणार. रोज पहाटे अंगणातला तापमापक बघायचा, तळघरात उतरायचं आणि भिंतीवरच्या आकड्याप्रमाणे पाणी तापवायचं, हे त्याचं काम.

मी पंचवीस वर्षं इथे घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रणांचं काम करते. ते आकडे पाहिले आणि मला वाईचं आमचं न्हाणीघर आठवलं. पहाटे आजी दाराबाहेर हात काढून हवा बघायची आणि मग सांगायची, "आज गारठा आहे गं, विसण बेतानं घाल." बंब तोच, कोळसे तेवढेच, बादलीत गार पाणी किती घालायचं ते मात्र हवा ठरवणार. पाण्यानं घर गरम करण्याच्या धंद्यातली खरी विद्या मला ह्यातच दिसते. आग मोठी करणं सोपं असतं, ती हवेच्या बेतानं ठेवायला माणसाला दोनशे वर्षं लागली.

ही गोष्ट कोंबडीच्या पिल्लांपासून सांगते. १७७७ साली फ्रान्समध्ये बोनमँ नावाच्या माणसानं अंडी उबवायला नळ्यांतून गरम पाणी फिरवलं. अंड्याला एक-दोन अंशांचा फरकही सोसत नाही, म्हणून त्यानं सोबत एक नियंत्रक बसवला. दोन धातू उष्णतेनं कमी-जास्त प्रसरण पावतात, त्या फरकानं भट्टीची हवेची झडप आपोआप लागायची. माणसांच्या घरांत गरम पाणी आलं ते पुढच्या शतकात. जाड नळ, ओतीव लोखंडाचे रेडिएटर, आणि पंप नाहीच: तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, निवलेलं जड होऊन खाली उतरायचं.

ह्या कामाला शास्त्राची बैठक मिळाली ती बर्लिनमध्येच. १८८५ साली शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक विद्यालयात हेरमान रिटशेल ह्यांच्यासाठी उष्णता आणि वायुवीजन ह्या विषयाचं प्राध्यापकपद निर्माण झालं. त्याआधी हे काम कारागिराच्या अंदाजावर चालायचं. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असते, हे तसं सरळ आहे. पण रेडिएटरचं तसं नाही. अर्धी उष्णता हवी म्हणून पाण्याची खोलीपेक्षा असलेली जास्तीची ऊब अर्धी करून चालत नाही, ती साधारण ५९ टक्के ठेवावी लागते. म्हणून कागदावर सरळ रेघ न येता किंचित वाकलेली रेषा येते. जर्मन लोक तिला तापवण्याची वक्ररेषा म्हणतात.

तळघरातले आकडे पाहिले त्या रात्री मी घरी हिशोब मांडला. अशा जुन्या घरांत कडाक्याच्या थंडीसाठी, म्हणजे उणे १५ ला, पाणी ९० अंशांनी निघायचं आणि ७० नी परतायचं. वक्ररेषेच्या सूत्रानं उत्तरं आली ४६, ६५ आणि ८२. रखवालदाराचे आकडे ४५, ६५ आणि ८०. सूत्राशी त्याची ओळख असेल-नसेल, पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या तक्रारी ऐकत, एकेक हिवाळा बघत तो तिथेच पोचला होता. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

त्याचं अवजार म्हणजे एक साखळी. बॉयलरमध्ये खुपसलेला नियंत्रक, त्याला आकडे कोरलेली मूठ, आणि तिथून खाली लोंबणारी बारीक साखळी थेट राखेच्या दारातल्या हवेच्या झडपेपर्यंत. पाणी तापलं की साखळी सैल पडायची, झडप मिटायची. मूठ मात्र त्यानंच फिरवायची.

मग तेलाचे बॉयलर आले आणि एक पेच आला. बॉयलर फार थंड चालवला तर धुरातली वाफ आतच निवते आणि आम्लाचं पाणी लोखंड खातं. म्हणून बॉयलर कढत ठेवायचा आणि रेडिएटरकडे निघालेल्या पाण्यात परतलेलं कोमट पाणी मिसळायचं. त्यासाठी चार तोंडांची झडप निघाली. जर्मनमध्ये तिला मिश्रक म्हणतात. माझ्यासाठी तो शब्द विसणच. पुढे त्या झडपेला मोटार लागली आणि घराच्या उत्तरेच्या भिंतीवर बाहेरून हवेचं तापमान मोजणारी छोटी डबी बसली.

१९७३ च्या तेलसंकटानं ही सोय सक्तीची केली. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात पश्चिम जर्मनीत चार रविवार मोटारी बंद होत्या. १९७६ साली ऊर्जाबचतीचा कायदा आला आणि १९७८ च्या नियमावलीनं बाहेरच्या हवेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे आपोआप चालणारं नियंत्रण बंधनकारक केलं. बर्लिनच्या भिंतीपलीकडे, पूर्व बर्लिनच्या कित्येक वसाहतींत मात्र रेडिएटरला झडपच नव्हती. उकडलं की खिडकी उघडायची.

रखवालदाराचं काम डबीनं केलं, पण त्याची नजर डबीला नाही. एका इमारतीत मी ती डबी उपाहारगृहाच्या धुराड्याच्या अगदी वर बसवलेली पाहिली. खाली तळण सुरू झालं की डबीला वाटायचं उन्हाळा आला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई अंगावर दोन शाली घेऊन बसायच्या. शार्लोटेनबुर्गच्या त्या तळघरातही नवा गॅसचा बॉयलर बाहेर ० असताना ७५ अंशांचं पाणी सोडत होता. खिडक्या दुहेरी काचेच्या झालेल्या, भिंतींना आवरण चढलेलं, तरी वक्ररेषा कुणी हलवली नव्हती. आजचे बॉयलर तर धुरातली वाफ मुद्दाम निववून तिची उष्णता परत घेतात. ते साधायला परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं.

जर्मनीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना म्हणून माझं सांगणं आहे: तळघरात उतरा. नियंत्रकावर दोन आकडे सापडतील, रेषेचा उतार आणि तिची पातळी. फक्त कडक थंडीत गार वाटत असेल तर उतार थोडा वाढवा. फक्त सौम्य हवेत गार वाटत असेल तर पातळी वाढवून उतार कमी करा. सदैव उबदार असेल तर दोन्ही हळूहळू खाली आणा. एका वेळी थोडंच बदला आणि दोन दिवस थांबा, भिंतींना वेळ लागतो.

शार्लोटेनबुर्गला मी असं करत तीन आठवडे गेले. आता तिथे बाहेर १० असताना ३६ पुरतात, ० ला ४८ आणि उणे १० ला ५८. जुन्या आकड्यांखाली मी ते पेन्सिलीनंच लिहिले आहेत. तुमच्या घरचे आकडे बसले की तुम्हीही तळघराच्या भिंतीवर लिहून ठेवा, पुढच्याला लागतील.